उन्हाला पारखा

मिठाचा हंगाम ऐन भरात असताना नवरा घरी आला. बाईला आनंद झाला नाही असं नाही. झाला, पण तो जेमतेम चहा उकळेपर्यंत टिकला.

पेला हातात देताना तिची नजर त्याच्या मनगटावर गेली आणि तिथंच अडकली. मनगट उजळ होतं. मनगटच कशाला, कोपरापर्यंतचे हात, गळा, कानांच्या पाळ्या, सगळंच उजळ, पावसाळा संपताना असतं तसं. बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा पाण्याच्या टाकीखालून हलत नव्हती. आणि हा माणूस हंगाम सुरू झाल्यापासून रस्त्याच्या कामावर होता म्हणे. डांबर ओतत होता म्हणे.

"काय बघतेस?" त्यानं विचारलं.

"काही नाही. साखर बेताची पडलीय का ते बघत होते."

"मग चहात बघ की. माझ्या हातावर कुठं साखर आहे?"

तो हसला, तीही हसली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

सासू ओट्यावर बसून मीठ वाहायच्या फाटक्या टोपल्या दुरुस्त करत होती. मिठाच्या चकाकीनं तिचे डोळे केव्हाच अधू झाले होते. माणूस पुढ्यात उभा राहिला तरी तिला नुसती हलती सावली दिसायची. तिनं लेकाचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. "वाळलास रे," ती म्हणाली. "पण गाल कसे मऊ लागतात. लोणी चोपडत होते काय तुला तिकडं?"

"तिकडं थंडी असते, आई," तो बोलून गेला, आणि लगेच पेल्यात तोंड घातलं.

थंडी! बाईनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. उकळतं डांबर ओतणाऱ्या माणसाला थंडी वाजत होती!

मिठागरावरच्या लोकांना माणसाची कातडी वाचायला कोणी शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात काम बंद, आभाळ झाकलेलं, माणसं घरात. तेवढ्यात अंगावरचा रंग उतरतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळे वाफ्यांवर येऊन उभे राहतात ते उजळलेल्या हातापायांनी. त्यांना तिथं 'कोरे' म्हणतात. कोऱ्या माणसाला मुकादम भर दुपारचं काम देत नाही. आधी कातडी लाल होते, चुरचुरते, सोलते, मग दिवसागणिक रंग चढत जातो. एकदा रंग चढला की मग काळजी नाही, मग ऊन तिकडं आणि माणूस इकडं. वाफ्यात पाण्यावरून आणि पांढऱ्या मिठावरून ऊन उलटं उसळतं, त्यामुळं इथल्या माणसाची हनुवटी खालच्या बाजूनंही काळी असते. बाजारात कुणी मान वर करून दुकानाची पाटी वाचायला लागला की लोक ओळखतात, हा मिठाचा गडी.

तर सुरुवातीला कोरं असण्यात लाज काहीच नाही, सगळेच असतात. पण ऐन हंगामात कुणाला कोरा म्हणून बघा! हातघाईवर येतात माणसं. अंगचोर, फुकट्या, बायकोच्या जिवावर बसून खाणारा, सगळं त्या एका शब्दात आलं.

आणि तिचा नवरा म्हणजे सगळ्या मिठागराचा डांबऱ्या. त्याचं हे नाव मुकादमानंच ठेवलेलं. इतर लोक दुपारी सावली शोधायचे तेव्हा हा उघड्या पाठीनं वाफ्यात उभा. लांब दांड्याची लाकडी फळी एका लयीत ओढायचा आणि मीठ कसं गपचूप त्याच्या मागं यायचं. तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तसंच, फळी ओढताना. घरच्यांनी 'फार काळा आहे' म्हटलं तेव्हा ती म्हणाली होती, "काळा आहे म्हणजे कामाचा आहे."

असा माणूस यंदा हंगाम सुरू होऊन चार दिवस झाले नाहीत तोच मुकादमाशी भांडला. कशावरून, तर फळीचा दांडा जुना दिला म्हणून. "तुझं मीठ तूच खा," म्हणाला आणि पिशवी घेऊन रस्त्याच्या कामाला चालता झाला. तेव्हापासून फळी तिच्या हातात होती आणि टोपल्याही तिच्याच डोक्यावर. वाफे नवरा-बायकोच्या जोडीला मिळायचे आणि वाफ्यांबरोबर बांधालगतची ही एक खोली. वाफे गेले की खोली गेली. आंधळ्या म्हातारीला घेऊन ती कुठं जाणार होती? म्हणून ओढत राहिली. पोटऱ्यांना खाऱ्या पाण्यानं चिरा पडल्या, खांद्यात रात्रंदिवस ठणका, पण ओढत राहिली.

नवरा आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला वाटलं होतं, आता निदान फळी तरी सुटेल. तो उजाडायच्या आधीच उठला, पूर्ण बाह्यांचा सदरा घातला, डोकं-तोंड फडक्यानं गुंडाळलं आणि तिच्या पुढं वाफ्यावर गेला. हात तोच होता, लय तीच होती. तिला भरून आलं. पण सूर्य बांधाच्या वर आला मात्र, हा फळी टेकवून म्हणाला, "पोटात कळ येतेय. जरा पडतो जाऊन."

त्या दिवशी पोट. पुढच्या दिवशी डोकं. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणे पिशव्या आणायला दुकानात जायचं आहे. संध्याकाळी सावल्या लांबल्या की हा पुन्हा हजर, फळी घेऊन. जेवढा वेळ ऊन तेवढा वेळ ह्याला काही ना काही होत होतं.

शेजारच्या वाफ्यातल्या बाईला सगळे रेडिओ म्हणायचे, ते काही उगीच नाही. चहाच्या शेडमध्ये सगळ्यांच्या देखत तिनं आवाज चढवला. "काय गं, तुझा नवरा नवी नवरी होऊन आलाय काय? तोंडावरचं फडकं काही सोडत नाही! परवा टाकीवर तोंड धूत होता तेव्हा बघितला मी. हनुवटीखाली असा गोरा, असा गोरा! अगं, कोरा आहे तो, कोरा!"

शेड हसली. तिनं हातातला चहा तसाच ओतून दिला आणि उठली. मागून मुकादम आला.

"वहिनी, एक सांगतो, राग मानू नका." तो चांगला माणूस होता, पण मालकाचा माणूस होता. "गडी बाहेर कमवायला गेला असला तर बाईनं हंगाम ओढायचा, हे मी इतके दिवस चालवून घेतलं. मालक विचारतो, मी सांगतो, येईल. पण गडी घरात निजून आणि बाई वाफ्यात, हे मला नाही चालवता यायचं. वाफे मागायला जोड्या दारात उभ्या आहेत. मिठाची रास लावायच्या आधी मला त्याला दिवसभर फळीवर बघू द्या. नाहीतर खोली मोकळी करा."

"बघाल," ती म्हणाली. "उद्याच बघाल."

घरी येईपर्यंत तिच्या डोक्याचा भुगा झाला. सावलीत होता हा माणूस, इतकं नक्की. पण कुठल्या सावलीत? तुरुंगात असतात माणसं सावलीत. नाहीतर कुठल्या तरी बाईच्या घरात असतात, पंख्याखाली. दोन्हीतलं बरं कुठलं, हेही तिला ठरवता येईना. तुरुंग असता तर बरं, असंही एकदा वाटून गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

तो खोलीच्या मागच्या कोपऱ्यात फळीला नवा दांडा बसवत होता. म्हातारी ओट्यावर डुलक्या घेत होती.

"उठा," ती हळू आवाजात म्हणाली. "दारात या."

"का?"

"या म्हणते ना."

दाराच्या चौकटीत ऊन तिरपं आलं होतं. तो उंबऱ्याच्या आतच थांबला. तिनं त्याच्या गळ्यापाशी बोट नेलं. "रस्त्यावर काम करणाऱ्याची मान पाठीमागून भाजलेली असते. तुमची बघा. पायात चप्पल घालून उन्हात फिरलं की पायावर पट्ट्याचे पांढरे माग राहतात. कुठं आहेत? सदऱ्याची बाही जिथं संपते तिथं रेघ असते. दाखवा. मला काही शाळेत शिकवलेलं नाही, पण हे मला कळतं. तुम्ही एक दिवससुद्धा रस्त्यावर नव्हता."

त्याच्या हातात हातोडी तशीच होती.

"कोण आहे ती?"

"कोण ती?" तो खरोखर गोंधळला, आणि मग त्याला हसू आलं. ते हसू आलं नसतं तर बरं झालं असतं.

"हसा! हसा! मी इथं बैलासारखी ओढतेय, खांदे निखळायची वेळ आली, आणि तुम्ही सावलीत बसून कोरे होऊन आलात! सगळं मिठागर तोंडावर थुंकतंय माझ्या. वाफे जातील उद्या. तुमच्या आईला कुठं ठेवायची? डोक्यावर?"

"हळू बोल. ती उठेल."

"उठू दे! कुठं होता ते सांगू नका, नका सांगू. पण उद्या सदरा काढायचा, फडकं काढायचं आणि दिवसभर फळी धरायची. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. चार दिवस चुरचुरेल, मग चढेल रंग. नाही जमलं तर आल्या वाटेनं जा."

त्यानं हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "बरं."

एवढंच. तिला वाटलं होतं भांडेल, हात उगारेल, काहीतरी कबूल करेल. त्या 'बरं'नं तिला रात्रभर कूस बदलायला लावलं.

सकाळी तो उघड्या अंगानं वाफ्यात उतरला. मिठागरानं टाळ्या पिटल्या नाहीत एवढंच. "आला रे डांबऱ्या!" कुणीतरी ओरडलं, कुणी शीळ घातली. रेडिओनं तोंड वाकडं केलं आणि टोपली उचलली. तो सगळ्यांकडं बघून हसला आणि फळी टाकली.

काय ओढली त्यानं त्या दिवशी! पाण्याखालचं मीठ खसखस आवाज करत पुढं सरायचं, बांधाकडं ढीग वाढत जायचा. ती मागं टोपल्या भरत होती, तिची कंबर मोडायची वेळ आली तरी त्याची फळी थांबेना. इतक्या दिवसांनी आपल्यापुढं हे रुंद खांदे हलताहेत म्हणून तिला सुख झालं. खोटं कशाला बोला, तिनं त्याला मनातल्या मनात माफही करून टाकलं. दुसरी बाई असली तर असू दे, आता तो इथं आहे, रंग चढेल, सगळं पहिल्यासारखं होईल.

दुपारी मुकादम बांधावरून चालत आला, बघत उभा राहिला. "असं पाहिजे," म्हणाला आणि गेला.

दुपार कलली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो मधेच थांबतोय आणि दंड बोटांनी नाही, मनगटाच्या हाडानं घासतोय. मानेवर घाम होता, त्याखालची कातडी गाजरासारखी लाल. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच होते, तिनं स्वतःची समजूत घातली. "पाणी आणू?" तिनं विचारलं.

"नको. काम कर तू."

दिवस बुडायला आला तसा त्यानं फळी खांद्यावर घेतली, सदरा घातला, गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या. वाटेत लोकांनी पाठीवर थापा मारल्या. प्रत्येक थापेला त्याचा जबडा आवळत होता, ते एकट्या तिनं पाहिलं.

घरी न जाता तो टाकीच्या मागं वळला. ती टोपल्या ठेवून गेली तर तो सदरा काढून गोड्या पाण्याचा तांब्या दंडावर ओतत होता. संध्याकाळचा उजेड होता. तिनं पाहिलं आणि टाकीला हात टेकला.

दंड सुजले होते. खांद्यापासून मनगटापर्यंत, छातीवर, मानेवर बारीक बारीक फोड उठले होते, काही फुटून पाणी वाहत होतं. त्यात मिठाचं पाणी गेलेलं. हे भाजणं नव्हतं. भाजलेली कातडी तिनं जन्मभर पाहिली होती.

"हे काय?" ती जवळ आली. "हे काय हो?"

"ऊन." त्यानं तांब्या खाली ठेवला. "मला ऊन बाधतं."

"तुम्हाला?"

"मला. बघ ना. मला!" आणि तो एवढा मोठा बाप्या टाकीला पाठ लावून खाली बसला. "गेल्या हंगामात शेवटी शेवटी खाज यायची. मला वाटलं मीठ असेल. यंदा पहिल्याच दिवशी हात फुगले. चार दिवस सदऱ्याखाली लपवलं. मग मुकादमाशी भांडण काढलं आणि गेलो. मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, आयुष्यभर उन्हात होतास, आता तुझ्या कातडीला ऊन म्हणजे विष झालंय. औषध घे आणि सावलीत राहा."

"पण तुम्ही तर एवढे काळे. काळ्याला ऊन लागत नाही ना?"

"मी पण तेच म्हणालो. ती हसली. म्हणाली, ऊन आत शिरायला लागलं की कातडी स्वतःच काळा रंग तयार करून वर पसरते, आपण दाराला पडदा लावतो तसा. जेवढं ऊन तेवढा जाड पडदा. ऊन कमी झालं की नवा रंग होत नाही, जुनी कातडी झडत जाते, तिच्याबरोबर तो रंगही जातो. म्हणून पावसाळ्यात आपण सगळे कोरे होतो. ते सगळं ठीक आहे. पण माझ्या अंगाचं उन्हाशीच बिनसलंय, तिथं पडद्याचा काही उपयोग नाही."

"मग इतके दिवस होतात कुठं?"

"शीतगृहात. बटाट्याची पोती रचायची. आत बर्फासारखी थंडी, बाहेर उजाडलं का मावळलं तेसुद्धा कळत नाही. अंगावर जाड कोट, कानाला टोपी." तो जरासा हसला. "हीच ती बाई."

तिला आता हसायचं की रडायचं ते कळेना. ती रडली. "मेल्या, मग सांगायचं ना मला!" आजवर तिनं त्याला कधी असं म्हटलं नव्हतं. "मी तुम्हाला उन्हात ढकललं हो. या हातांनी ढकललं."

"काय सांगणार होतो? डांबऱ्याला ऊन सोसत नाही म्हणून? आणि वाटलं, इतके दिवस गेले, बरा झालो असेन. तू म्हणालीस चढेल रंग, तर मलाही वाटलं, चढेल कदाचित." त्यानं दंडाकडं पाहिलं. "नाही चढत."

ती त्याच्या शेजारी बसली. त्याला हात लावायला अंगावर जागा नव्हती, म्हणून तिनं त्याच्या पावलावर हात ठेवला.

"मी मुकादमाला सांगते. तो काही राक्षस नाही."

"काय सांगशील? गडी कायमचा गेला कामातून? मग जोडी कुठं राहिली? उद्याच खोली मोकळी करायला सांगेल. शीतगृहात बायकांना घेत नाहीत आणि आम्ही गडी दहा-दहाजण एका खोलीत झोपतो. आईला कुठं नेऊ?"

तो म्हणत होता ते खरं होतं. मुकादम बाहेर कमवायला गेलेल्या गड्याची वाट बघत होता, घरात बसलेल्याची नाही.

"म्हणजे तुम्ही इथं असलात तर वाफे जातात," ती सावकाश म्हणाली, "आणि नसलात तर राहतात."

"हंगाम संपेपर्यंत. मग पाऊस. पावसात मी येईन. आभाळ भरलेलं असेल तोवर राहीन."

"आईंना तरी सांगा."

"तिच्या तोंडात तीळ भिजतो का? सकाळी सांगितलं तर दुपारी मालकाच्या कानावर जाईल. नको. तुझ्यापाशीच राहू दे."

रात्रीच्या गाडीनं तो गेला. आईला म्हणाला, जरा बाजारात जाऊन येतो. सदऱ्याच्या आत तिनं भिजवलेली जुनी मऊ फडकी गुंडाळून दिली होती.

सकाळी ती एकटी फळी घेऊन वाफ्यात उतरली तेव्हा मुकादम बांधावर वाटच बघत होता. आजूबाजूच्या वाफ्यांतले हात थांबले.

"कुठाय?"

"गेला."

"गेला म्हणजे? एका दिवसात? आजारी-बिजारी आहे की काय? काल मान लाल दिसली त्याची."

"आजारी कसला!" तिनं फळी आपटली. "मीच हाकलला. पुन्हा दुपारी निजायला लागला तर घरात पाय ठेवू देणार नाही म्हटलं. रस्त्याचं काम बरं होतं ते कर जा, पैसे पाठव, म्हटलं. गेला रागारागानं. येईल हंगाम संपल्यावर नाक मुठीत धरून."

रेडिओ तोंडाला हात लावून हसली. "कडक आहात वहिनी," मुकादम म्हणाला. "बरं केलंत. गडी कामावर आहे तर वाफे तुमचेच." आणि तो पुढच्या वाफ्याकडं गेला.

वाफे राहिले. खोली राहिली. दुपारी ती जेवण वाढायला घरी आली तर म्हातारी ओट्यावर नव्हती. आत भिंतीकडं तोंड करून बसली होती. रेडिओनं तिच्या आधीच येऊन सगळं सांगितलं होतं.

ताट पुढं ठेवलं. म्हातारीनं हातानं चाचपून ताट ओळखलं आणि लांब सारलं.

"आई, जेवा."

"तुझ्या हातचं नको मला." तिनं पुन्हा भिंतीकडं तोंड केलं. "दोन दिवस राहिला नाही तोवर हाकललंस? माझ्या पोटचा गोळा तो. गाल वाळले होते त्याचे, या हातांनी बघितले मी. जरा निजला तर तुझं काय गेलं? या खोलीसाठी? जळो ही खोली."

बाई उभी राहिली. बोलायचं होतं ते ओठांपर्यंत आलं. दाराबाहेर रेडिओची सावली हलली.

"बाहेर ऊन कसं आहे गं आज?" म्हातारीनं विचारलं.

"कडक आहे."

"तुझ्यामुळं माझा लेक या उन्हात कुठंतरी करपत असेल."

"असेल, आई," ती म्हणाली आणि फळी उचलून वाफ्यावर गेली.